भिंत न फोडता पोया पाळायच्या कशा

आमच्या मागच्या पडवीत चिऱ्याच्या दोन थरांमधून एक काळपट नळी बाहेर आलेली आहे. करंगळीएवढी जाड, पेरभर लांब, टोकाशी जरा पसरलेली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "ही घुंगुरटी इथं कशाला ठेवलीत? औषध मारा की." ती घुंगुरटी नव्हेत, मधमाश्या आहेत आणि भिंतीच्या पोटात त्यांचं भरलं घर आहे, हे मला स्वतःला कळायला वयाची तिशी उलटावी लागली.

या पोयाच्या माश्या. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस, जुन्या पुस्तकांत ट्रायगोना. आग्या, फुलोरी, सातेरी आणि बाहेरून आलेली मेलिफेरा या एका गोतातल्या. पोयाचं गोत वेगळं. आकार जेमतेम तीन-चार मिलिमीटर, रंग काळा. डंखाचा अवशेष असतो, पण टोचण्याइतका उरलेला नसतो. म्हणून 'निरुपद्रवी' समजून थेट हात घालू नका. डिवचल्या की केसांत शिरतात, कानात-नाकात घुसतात, भुवयांना चावे घेतात आणि चिकट राळ लावून जातात. जीव जात नाही, पण जागेवरून पळावं मात्र लागतं. डोक्याला घट्ट रुमाल आणि तोंडावर बारीक जाळी एवढा पोशाख पुरतो.

केरळात या माशीला चेरुतेनीच्चा म्हणतात आणि तिच्या मधाला चेरुतेन, म्हणजे लहान मध. तिथं घराच्या वळचणीला बांबूचे नळे, मडकी, लाकडी पेट्या टांगून ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. आपल्याकडे मधपाळ म्हटलं की महाबळेश्वर आणि सातेरीच्या पेट्या डोळ्यांपुढे येतात. पोयाचा मध म्हणजे भिंत किंवा झाडाचा बुंधा फोडायचा, सगळं एकत्र फडक्यात पिळायचं आणि मोकळं व्हायचं. त्यात वसाहत मरते. खाली सांगितलंय ती रीत सावकाशीची आहे. घाई असेल तर या नादाला लागू नका.

आधी नळी वाचायला शिका

पहिले पंधरा दिवस काहीच करायचं नाही. सकाळी ऊन चढल्यावर चहाचा कप घेऊन नळीसमोर बसायचं. तोंडाशी चार-सहा पहारेकरणी डोकी बाहेर काढून उभ्या दिसतात. आत जाणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांना काय आहे ते बघा. पिवळा-पांढरा गोळा मंद, भुरभुरीत दिसला तर पराग. चकचकीत, थेंबासारखा दिसला तर राळ किंवा चीक. दर मिनिटाला पराग घेऊन पाच-दहा माश्या आत जात असतील तर आत राणी आहे आणि पिलावा, म्हणजे अंडी-अळ्यांची वाढ, चालू आहे असं धरायला हरकत नाही. नुसती राळच येत असेल तर घराची डागडुजी तरी चाललीय, नाहीतर मुंग्यांनी त्रास दिलाय.

नळीचं तोंड चिकट, मऊ असेल तर वसाहत जोमात. कडक, ठिसूळ झालं, कडेला कोळ्याचं जाळं लागलं, तर आतलं बळ कमी झालंय. एवढं एक लक्षण ओळखता आलं तरी पेटी उगाच उघडण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

शोधायच्या कुठे? जुन्या चिऱ्याच्या भिंती, देवळाचा पाया, विहिरीचं काठवण, विजेच्या मीटरची पेटी, वापरात नसलेला पाइप, आंब्या-फणसाच्या ढोली. माणसाच्या वस्तीला त्या अजिबात बुजत नाहीत. राखीव जंगलातल्या झाडाला मात्र हात लावायचा नाही. गावातल्या भिंतींत भरपूर मिळतात.

आत काय असतं

हे न समजता पेटी करायला घेतली तर माझ्यासारखी फजिती होते, म्हणून इथे थोडं थांबू.

पोया पोळं बांधत नाहीत. सातेरीचे उभे, षटकोनी घरांचे पदर इथे शोधू नका. माशी स्वतःच्या अंगच्या मेणात झाडाची राळ कालवते आणि त्या तपकिरी मिश्रणातून सगळं घडवते. मधोमध पिलाव्याच्या लहान गोल कोठड्यांचा घोस, मोहरीच्या दाण्यांसारख्या, एकमेकींना बारीक खांबांनी जोडलेल्या. त्याच्या कडेनं परागाच्या आणि मधाच्या कुप्या, साधारण बोराच्या बीएवढ्या, द्राक्षासारख्या लगडलेल्या. बाहेरून फटी बुजवायला राळ-मातीचा जाड लेप.

कोठडी आधी पातळ खाद्यानं भरली जाते, मग राणी त्यावर अंडं घालते आणि कामकरी लगेच तोंड बंद करतात. अळीला पुन्हा कुणी भरवायला येत नाही. जन्मभराची शिदोरी एकदाच. अंडं आणि कोवळी अळी त्या खाद्यावर तरंगत असते. म्हणून पिलाव्याचा घोस कधीही उलटा किंवा आडवा करू नका, पिल्लं बुडून मरतात. ज्या बाजूनं वर होता त्याच बाजूनं वर राहिला पाहिजे. अंड्यापासून माशी बाहेर यायला दीडेक महिना लागतो, त्यामुळे एक चूक भरून यायलाही तेवढाच वेळ.

राणीचं पोट अंड्यांनी इतकं फुगतं की तिला उडता येत नाही. या एका गोष्टीवर पोया पाळण्याचा सगळा डोलारा उभा आहे. सातेरी रागावली की पेटी सोडून निघून जाते. पोयाची म्हातारी राणी जाणार कुठे? नवी वसाहत करायची तर कामकरी आधी नवी जागा शोधतात, जुन्या घरातून मेण-राळ, मध वाहून नेऊन ती सजवतात आणि मग कोवळी राणी तिकडे जाते. माहेरहून संसार भरून पाठवतात, तसंच. या सवयीचा फायदा आपण घ्यायचा.

पेटी

आतून साधारण २० सेंटिमीटर लांब, १० रुंद, १० उंच. म्हणजे दोन लिटर मापाची. मोठी केली तर ती भरता भरता वसाहत दमते. इंचभर जाडीचं, जुनं, वास गेलेलं लाकूड घ्या. आंब्याचं, फणसाचं चालतं. आतून रंग, पॉलिश, वाळवीचं औषध नको. वर पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा आणि त्यावर लाकडी झाकण, म्हणजे हवा न लागता आत डोकावता येतं. समोरासमोरच्या दोन लहान बाजूंना एकेक भोक, बोट जाईल एवढं.

पेटी नको असेल तर कळकाचा जाड नळा दोन पेरांमधून कापून उभा चिरा, दोन्ही फाका तारेनं बांधा. केरळातली ही साधी आणि जुनी सोय. उघडायला सोपी, पावसात मात्र वरून आडोसा हवा.

जोडपेटी: भिंत तशीच ठेवून

सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. पाऊस ओसरलेला, फुलोरा पुढे येणार.

संध्याकाळी उशिरा भिंतीतली राळेची नळी धारदार सुरीनं अलगद कापून काढा आणि जपून ठेवा. त्या भोकात अर्धा-पाऊण इंची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी बसवा, वीतभर लांब. दुसरं टोक पेटीच्या मागच्या भोकात. पेटीच्या पुढच्या भोकावर ती जपून ठेवलेली राळेची नळी चिकटवा. आता माश्यांना बाहेर पडायचं तर पेटीतूनच जावं लागेल आणि परत येताना ओळखीचा वास ओळखीच्या दाराशी मिळेल. पेटीचं तोंड शक्यतो जुन्या तोंडाच्या जागेजवळ, त्याच दिशेला ठेवा. पेटी भिंतीला फळीवर पक्की टेकवा. लोंबकळत ठेवली तर पहिल्या वाऱ्याला नळी सुटते.

मग भिंतीच्या आजूबाजूची प्रत्येक फट मळलेल्या मातीनं लिंपा. हे काम लोक टाळतात. एक फट राहिली की तिसऱ्या दिवशी पोया तिकडून नवं दार पाडतात आणि आपली पेटी रिकामी बसते.

पहिले दोन-तीन दिवस जुन्या जागेशी घोळका होतो, घाबरू नका. महिन्याभरात पेटीत राळेचे ठिपके, कोपऱ्यांत लेप दिसू लागतो. नंतर कुप्या. आणि इथेच मी चुकलो. कुप्या दिसल्या, मध दिसला, मला वाटलं घर लागलं. पाचव्या महिन्यात नळी तोडून पेटी अंगणात आणली. आत हजारभर माश्या होत्या, भरपूर खाद्य होतं, पिलावा नव्हता. म्हणजे ती नुसती कोठीची खोली होती. दोन महिन्यांत एकेक करून माश्या संपल्या.

म्हणून नियम असा: पेटीत पिलाव्याचा घोस दिसला, तो वाढतोय हे निदान दीड-दोन महिने पाहिलं, नव्या फिकट रंगाच्या माश्या आत फिरताना दिसल्या, तरच नळी तोडायची. याला कधी सहा महिने लागतात, कधी वर्ष. भिंतीतली मूळ वसाहत तशीच राहते आणि पुढच्या वर्षी तिलाच दुसरी पेटी जोडता येते. माझ्या पडवीतल्या भिंतीनं आतापर्यंत दोन पेट्या दिल्या आहेत.

भिंत पाडायचीच असेल तर

घराचं काम निघालं, गवंडी उद्या येणार, अशा वेळी वसाहत हलवावीच लागते. संध्याकाळी, हवा उबदार असताना. चिरा हलक्या हातानं सोडवा. आधी पिलाव्याचा घोस अख्खा, सरळ, हाताच्या ओंजळीत उचलून पेटीत ठेवा. राणी शोधा: कामकरीपेक्षा बरीच लांब, बदामी पोटाची, घोसाच्या फटींत सरपटणारी. बोटांनी धरू नका. पानाच्या तुकड्यावर चालू द्या. मग न फुटलेल्या परागाच्या कुप्या थोड्या. फुटलेला मध पेटीत अजिबात नको, तो आपण खायचा. सांडलेल्या मधावर रात्रीतून मुंग्या येतात आणि सकाळी बघायला काही उरत नाही.

जुनी नळी पेटीच्या तोंडाला लावून पेटी त्याच जागी अंधार पडेपर्यंत ठेवा, बाहेरच्या माश्या आत येतील. रात्री तोंडाला जाळी लावून हलवा. पोया फार लांब चरायला जात नाहीत, साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आत. त्यामुळे पेटी अंगणाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेली तर चरणाऱ्या माश्या जुन्याच जागी परततात. न्यायची तर किलोमीटरभर लांब न्या, नाहीतर तिथेच ठेवा.

एकाच्या दोन

पेटी गच्च भरली की विभाजन. घोसाच्या कडेला इतर कोठड्यांपेक्षा दुपटीनं मोठी कोठडी दिसते, ती राणीची. अशी एखाद-दुसरी असेल तरच हात घाला. निम्मा पिलावा राणीकोठडीसकट नव्या पेटीत, परागाच्या आणि मधाच्या न फुटलेल्या निम्म्या कुप्याही. नवी पेटी जुन्या जागेवर, जुनी राणी असलेली पेटी दुसरीकडे, म्हणजे चरून येणाऱ्या माश्या दुबळ्या घराला मिळतात. नवी राणी बाहेर उडून नराशी मीलन करून येते. तोवर पेटीला हात नाही. कोकणात मी हे थंडीच्या दिवसांत, काजू-आंबा मोहरायच्या तोंडावर करतो.

शत्रू

मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, टांगली असेल तर तारेला ग्रीस. कोळी, पाली रोज झाडणं, दुसरा उपाय नाही. सगळ्यात वाईट ती फोरिड माशी, फळांवरच्या चिलटासारखी दिसणारी, कुबड काढून धावणारी. उघड्या परागाच्या वासावर ती येते, अंडी घालते आणि आठवड्याभरात पेटीत अळ्यांचा लगदा होतो. उघडलेली पेटी दहा मिनिटांत बंद करणं आणि सांधे चिकटपट्टीनं बुजवणं हाच खरा बचाव. जवळ शिरक्याची बाटली, झाकणाला बारीक भोक पाडून ठेवली तर थोड्या अडकतात.

आणि हापूसच्या मोहरावरची फवारणी. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा. त्या दिवशी उजाडायच्या आत पेटीला जाळी लावून सावलीत ठेवता येते, पण हे एखाद्या दिवसापुरतंच. फवारणी संध्याकाळी करायला शेजारी तयार झाला तर दोघांचंही भलं. त्याच्या कलमांवर परागाची ने-आण या माश्याही करतात.

खाद्यासाठी वेगळं काही लावायची गरज नारळ, शेवगा, तुळस, आवळा असलेल्या अंगणात पडत नाही. शहरात बाल्कनीत पेटी ठेवणार असाल तर चिनी गुलाब आणि तुळशीच्या कुंड्या वाढवा. राळेसाठी आंबा-फणसाचा चीक लागतो, हे मात्र बाल्कनीवाले विसरतात.

मध काढणं

मार्च ते मे, पावसाच्या आत. चमच्यानं किंवा स्वच्छ सुरीनं कडेच्या मधकुप्याच काढा, परागाच्या नाहीत. परागाच्या कुप्या बाहेरून सारख्याच दिसतात; काडीनं एक टोचून बघायची, आत पिवळा ओलसर गोळा निघाला तर ती सोडायची. कुप्या स्टीलच्या चाळणीत ठेवून टोचा आणि मध आपोआप गळू द्या. पिळू नका. पोयाचा मध मुळातच आंबटगोड असतो, राळेचा किंचित कडवटपणा असतो, पण तोंड वाकडं करायला लावणारा आंबटपणा बहुधा पिळलेल्या परागाचा असतो.

निम्मा मध आत ठेवायचा. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस त्यांना त्यावर काढायचा आहे. उरलेला किती? पेटीला पाव किलो, चांगल्या वर्षी अर्ध्या किलोच्या वर. सातेरीच्या हिशेबानं बघाल तर हिरमोड होईल. म्हणूनच त्याचा भाव कितीतरी जास्त असतो आणि भेसळही.

या मधात पाणी जास्त, बऱ्याचदा २५ टक्क्यांच्या पुढे. आपल्या खाद्य नियमांत मधाला मर्यादा २० टक्क्यांची आहे. एवढ्या पाण्यामुळे तो फसफसतो. बाटली काचेची, पाऊण भरलेली, फ्रीजमध्ये. काही जण गरम पाण्यात भांडं ठेवून पाणी आटवतात. चरकसंहितेनं तापवलेला मध निषिद्ध मानलाय, आणि तापवल्यानं याचा वासही जातो. मी आटवत नाही, लवकर संपवतो.

उपयोग, आणि जिथे हात आखडायचा

चरकानं मधाचे चार प्रकार सांगितले, सुश्रुतानं आठ. त्यातला 'क्षौद्र' हा क्षुद्रा नावाच्या लहान माश्यांचा. तो म्हणजे नेमका पोयाचाच, असं ठामपणे सांगणाऱ्यांपासून जरा सावध राहा. घरगुती वापर मात्र जुना आहे: खोकल्याला आल्याचा किंवा तुळशीचा रस घालून चाटण, तोंड आलं की बोटानं आतून लावणं, किरकोळ भाजल्या-कापल्यावर लेप. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये माया लोक मेलिपोना ही दुसरी डंखहीन माशी लाकडाच्या ओंडक्यांत पाळत आले आहेत आणि तिचा मध तेही औषधातच धरतात. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी डंखहीन माश्यांच्या मधात ट्रेहॅलुलोज ही सावकाश पचणारी साखर सापडल्याचं प्रसिद्ध केलं. ते नमुने ऑस्ट्रेलिया, मलेशिया, ब्राझीलचे होते. त्यावरून आपल्या मधुमेही काकांना पोयाच्या मधाची बाटली देऊ नका.

तीन गोष्टींना माझा साफ नकार आहे. डोळ्यात मध घालणं: परंपरा आहे, पण घरच्या चाळणीतला मध निर्जंतुक नसतो. खोल जखमेवर घरचा मध: दवाखान्यात वापरतात तो वेगळा, प्रक्रिया केलेला. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं. बारशाला आज्या रागावतात, आमच्याकडेही रागावल्या. पण कुठल्याही मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि कोवळ्या आतड्यात ते रुजतात. सोन्याची अंगठी नुसती ओठाला लावली, मध तिच्यावर नव्हता, विधी झाला.

चाळणीत उरलेलं मेण टाकू नका. स्वच्छ पाण्यात धुऊन, वाळवून गोळा करून ठेवा. पुढच्या पेटीच्या दाराला तेच घासायचं. नारळाच्या अख्ख्या करवंट्या, एकेक भोक असलेल्या, आतून हे मेण लावून माडाच्या सावलीत टांगल्या तर नव्या जागेच्या शोधात निघालेल्या पोया स्वतःहून येतात म्हणतात. गेल्या फाल्गुनात मी तीन टांगल्या. एकीत कोळी राहायला आला, दुसरीत मुंग्या. तिसरीच्या तोंडाशी परवापासून चार-पाच काळे ठिपके आत-बाहेर करताहेत. नळी अजून नाही, पण कडेला राळेचं एक चकचकीत वळं दिसू लागलंय.